मैमुनाची बारा कार्डं

लोहाऱ्याच्या स्टँडसमोर मैमुनाचं दुकान हाय. दुकान म्हणजे काय, भिंतीला टेकवलेला काचेचा काउंटर, वर पत्रा आन मागं एक खुर्ची. पत्र्याखाली पाटी हाय, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. ती पाटी बघून गेल्या काही वर्षांत कितीजण हसले त्याची गणती न्हाय. हसणाऱ्यांची नावं घ्यायला मी भीत न्हाय, पण ते मागनं. आधी मैमुनाचं सांगते.

मी अयोध्या. इथल्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं शिपाई हाय. घंटा माझ्या हातात, किल्ल्या माझ्या कमरेला, आन जीभ कुणाच्याच ताब्यात न्हाय, असं आमचे हेडसर म्हणतात. मैमुना आन मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. सातवीनंतर दोघींची शाळा सुटली. मी रानात गेले, ती बापाच्या कॅसेटच्या दुकानात बसली.

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीड्या गेल्या, नखाएवढं कार्ड आलं. बाप थकला, दुकान मैमुनाचं झालं. बाजारच्या दिवशी तिच्या काउंटरपुढं अशी गर्दी, की यष्टी सुटायची पण माणूस हलायचा न्हाय. फोन उघडायचा, कार्ड काढायचं, मैमुनाच्या हातात द्यायचं. काय भरू म्हणून ती विचारतच नव्हती. माकणीचा म्हातारा आला की भारुडं, जेवळीचा दर्जी आला की कव्वाल्या, सीमेकडचा कुणी आला की कानडी भजनं. नव्या नवरीच्या कार्डात माहेरच्या लग्नातली हलगी बी घालून द्यायची. अख्खा तालुका कानाला काय लावतो, ते मैमुनाला ठावं होतं.

मंग नेट स्वस्त झालं. ज्याचा त्याचा फोन आपला आपण गायला लागला. काउंटरवर राहिले रिचार्ज आन फोनवर चिकटवायचे काचंचे पडदे. तिचा नवरा बशीरभाई लोहारा ते उमरगा जीप चालवतो, माणूस सोन्याचा, पण जिभेला हाड न्हाय. जेवताना म्हणायचा, “काउंटर इक, दोन बकऱ्या घे. त्या तरी गातील.” मैमुना हसायची. पण पाटी काढायची न्हाय. आन कार्डं काढायची न्हाय. सुपारीच्या एका पत्र्याच्या डब्यात तिनं निवडक कार्डं ठिवली होती, एकेक तपासून, कापसात गुंडाळून. जशी काय मोत्याची नथ.

आता मूळ गोष्टीवर येते.

एका सोमवारी शाळेत खोकं आलं. पुण्याच्या कुठल्या तरी ट्रस्टनं धाडलेलं. आत बारा हिरव्या पाट्या, पत्त्याच्या कॅटाएवढ्या, कडंनं वायरी खोचायची भोकं. आमचे विज्ञानाचे प्रेम सर एक पाटी तळहातावर घेऊन म्हणाले, “मावशी, हा अख्खा कॉम्प्युटर आहे.”

“आन बाकीचा कुठं राहिला?” म्या विचारलं.

सर हसले. पण मंग नीट समजावून सांगितलं, ते खोटं कशाला बोलू. म्हणाले, ह्या पाटीच्या पोटात काही साठवलेलं नसतं. जी काय सिस्टिम, ती मेमरी कार्डात. कार्ड खालच्या फटीत सारायचं, पडदा जोडायचा, वीज द्यायची. पाटी कार्डातलं वाचून जागी होते. पाट्या आन वायरी ट्रस्टनं दिल्या होत्या. पडदे आमच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर खोलीत होतेच. कार्डं तेवढी शाळेनं आणायची, आन सिस्टिम नेटवरनं उतरवून त्यात घालायची. ती कार्डं सरांनी आधीच कुठनं तरी ऑनलाइन मागवून ठेवली होती.

खोक्यासंगं पत्र होतं. गुरुवारी अकरा वाजता ट्रस्टच्या अर्पिता मॅडम बघायला येणार. बारा मशिनी चालू दिसल्या तर शाळेच्या. न्हाय तर खोकं तसंच उचलून भूमच्या शाळेला.

सर दीड दिवस झटले. पाटीवर लाल दिवा लागायचा. कार्ड वाचलं की हिरवा लुकलुकायला पाहिजे म्हणे. तो मेला ढिम्म. खिडकीच्या गजाला पोरी वटवाघळासारख्या लटकलेल्या, आत डोळे फाडून बघतायत. शेवटी सर घाम पुसत म्हणाले, “पाट्याच खराब पाठवल्यात.” नाचता येईना अंगण वाकडं! उत्तरेश्वर सर, म्हणजे आमचे हेडसर, त्यांना तर घाईच. “आत्ताच फोन करून परत देऊ. गुरुवारी चारचौघांत शोभा नको.”

मी झाडू घेऊन दारातच होते. म्हटलं, “सर, रोग कार्डाचा असंल. कार्डाचा डाक्टर स्टँडवर बसतो. मैमुनाला बोलवू का?”

प्रेम सर म्हणाले, “गाणी भरणारी? मावशी, हे गाण्याचं काम नाही.”

अस्सा राग आला मला! सर वयानं माझ्या पोराएवढे. म्या झाडू भिंतीला ठिवला आन तडक स्टँडवर गेले.

मैमुना आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, टेबलावरची बारा कार्डं बघितली. एक उचललं, नखानं कडा तपासली, उजेडात तिरपं धरलं, नाकाजवळ नेलं. मंग दुसरं. मंग तिसरं. आन ओठ दाबून हसली.

“सर, ही सगळी नकली हायत. वर चौसष्ट जीबी लिहिलंय, पोटात आठ बी नसंल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.”

“वास घेऊन कळतं?” सरांनी विचारलं.

“वासानं न्हाय कळत, वास सवयीनं घेते. छपाईवरनं कळतं. खात्री पाहिजे आसंल तर भरून दावते.” तिनं सरांच्याच लॅपटॉपवर त्यांतलं एक कार्ड भरायला घेतलं. थोडं भरलं आन पुढचं सगळं नुसता भुसा झाला, एक फाईल उघडंना. सरांचे कान लाल. पण माणूस सरळ हाय, लगेच म्हणाले, “चूक झाली माझी. पण आता खरी कार्डं कुठून आणायची? उद्या बुधवार.”

“माझ्याकडं हायत. तपासलेली. परवा अकराच्या आत बाराच्या बारा चालू करून देते.” आन मंग मैमुनानं ते म्हटलं, जे म्हणायला नको होतं. “जबान दिली. न्हाय झालं तर दुकानावरची माझी पाटी मी माझ्या हातानं उतरवंन.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला! म्या तिला कोपरानं ढोसलं, पण शब्द सुटला तो सुटलाच.

सरांनी एका पेनड्राइव्हवर सिस्टिमची फाईल दिली, ती कार्डावर चढवायचा प्रोग्राम बी दिला, आन कसं करायचं ते सांगायला लागले. मैमुनानं हात वर केला. “सर, पंधरा वर्षं कार्डंच भरतेय.” सरांनी बिचाऱ्यांनी तोंड मिटलं. सरांचं ते ‘गाणी भरणारी?’ म्या तिला वाटेतच सांगितलं होतं, तो सल तिच्या मनात होताच, आन खरं सांगायचं तर माझ्या बी.

बुधवारी म्या अर्धी रजा टाकली. एक पाटी आन एक पडदा रिक्षात घालून काउंटरवर नेला. मैमुनानं डबा उघडला, कापसातनं पहिलं कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं, फाईल उचलली आन कार्डात टाकली. गाणं टाकतात तशी. सरांच्या प्रोग्रामकडं बघितलं बी न्हाय.

कार्ड पाटीत सारलं. वीज दिली. लाल दिवा लागला. हिरवा न्हाय.

“पुन्ना,” मैमुना म्हणाली. पुन्ना तेच. कार्ड बदललं. पुन्ना तेच. समोरचा भजीवाला शरणबसप्पा वाकून बघत म्हणाला, “काय मैमुनाआपा, आज कुठलं गाणं?” म्या त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं झारा कढईत घातला तो वर काढलाच न्हाय.

तवा मैमुनानं प्रोग्राम उघडला आन त्यातलं एकेक इंग्रजी वाक्य बोट ठिवून वाचलं. सातवी पास बाई, पण फोनची इंग्रजी चांगली येते तिला. वाचता वाचता कपाळावर हात मारला. “अयोध्या, मी येडी. हे गाणं न्हाय गे. गाणं कार्डात ठिवतात. ही सिस्टिम अख्ख्या कार्डावर उलगडून लिहावी लागते, पहिल्या पानापासनं. मी बंद पुस्तक नुसतं पिशवीत टाकून देत होते. पाटीला ते उघडता येत न्हाय.”

“मंग सर काल तेच सांगत होते.”

“हौ,” ती म्हणाली. “आता तू नको बोलू.”

प्रोग्रामनं लिहायला घेतलं. हिरवी पट्टी सरकत गेली, मुंगीच्या चालीनं. धा-बारा मिनिटांनी झालं. कार्ड पाटीत. वीज. लाल दिवा, आन बया! हिरवा लुकलुकला. पडद्यावर रंग आले, पांढरी अक्षरं सरसर वर धावली. मैमुनानं माझा हात धरला. आन अक्षरं थांबली. थांबली ती थांबलीच.

दुसरं कार्ड लिहिलं. तसंच. अक्षरं धावली, मधेच मुडदा पडला. तिसरं. तसंच.

दुपार टळली. मैमुना खुर्चीत बसली, चेहरा उतरलेला. माझ्याकडं न बघता म्हणाली, “बकऱ्याच घ्यायला पाहिजे होत्या गे. उद्या त्या पोरींसमोर काय तोंड दावू? पाटी उतरवते म्हटलं मी. अब्बांनी रंगवलेली हाय ती.” मला ते ठावंच नव्हतं. इतकी वर्षं पाटीखालनं जातेय, बापानं रंगवलेली हाय हे मला ठावं नव्हतं. मी खेकसले, “रडायचं उद्या अकरानंतर! आत्ता अजून एक लिही. माझ्यासमोर. सावकाश.”

तिनं चौथं घेतलं. मला इंग्रजी वाचता येत न्हाय, म्हणून पडद्यावरच्या अक्षरांकडं मी बघितलंच न्हाय. मी तिच्या हाताकडं बघत बसले. शाळेत बी मी तेच करते, पोरगी काय बोलते ते ऐकत न्हाय, हात कुठं जातो ते बघते. पट्टी सरकली, संपली. प्रोग्राम काय तरी म्हणाला. लगेच पडद्यावर एक छोटी खिडकी टपकन उघडली, आन मैमुनाचा हात, तिचं तोंड माझ्याकडं असताना, आपला आपण गेला आन त्या खिडकीत टकटक दोनदा दाबून आला.

“थांब! हे काय दाबलं?”

“कुठं काय दाबलं?”

“आत्ता दाबलंस. दोनदा. खिडकी आली, तू दाबलं, गेली.”

मैमुनाचा हात तिथंच थांबला. “ते व्हय? ते रोजचंच. कार्ड लावलं की कॉम्प्युटर इच्यारतो, कार्ड पुसून कोरं करू का. गिऱ्हाइकाचं कार्ड आधी कोरं केल्याशिवाय मी कधी...”

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडं बघितलं. म्या तिच्याकडं.

“या अल्ला,” ती हळूच म्हणाली. “मीच लिहिते आन मीच पुसते.”

झालं होतं ते असं. त्या पाटीची लिपी वेगळी. मैमुनाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला ती वाचता येत न्हाय. कार्डात लिहिलेलं हाय ते त्याला दिसतच न्हाय, म्हणून तो म्हणतो, हे कोरं-बिरं दिसतंय, पुसून देऊ का? थोडा भाग त्याला वाचता येतो, तेवढा पुसण्यातनं सुटत होता, म्हणून रंग यायचे आन अक्षरं धावायची. बाकीचं मैमुनाचा हात पुसून टाकायचा. पंधरा वर्षं गिऱ्हाइकांची कार्डं पुसून पुसून त्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. सरांच्या हातनं ही चूक झाली नसती. सरांना मुळात ती सवयच न्हाय.

पुढच्या वेळी खिडकी आली तवा मैमुनानं दोन्ही हात पाठीमागं धरले, आन मी ओरडले, “न्हाय म्हण त्याला! न्हाय!” तिनं खिडकी बंद केली. कार्ड पाटीत. लाल. हिरवा. रंग. अक्षरं धावली, धावली, धावली, आन सगळा पडदा लख्ख उजळला. वर चित्र, कोपऱ्यात घड्याळ, मधी तो पांढरा बाण.

मैमुना रडली. मी बी रडले, सांगायला लाज कसली. शरणबसप्पानं दोन कागदांत गरम भजी आणून ठिवली आन काय झालं ते न इच्यारता निघून गेला.

गुरुवारी सकाळी सहाला काउंटर उघडला. एकेक कार्ड लिहायचं, खिडकी आली की दोघींनी मिळून न्हाय म्हणायचं. साडेनऊला बारावं झालं. बशीरभाईनं स्टँडवरचा जीपचा भाड्याचा नंबर सोडला आन आमाला शाळेत नेऊन घातलं. वाटेत बकऱ्यांचा विषय निघाला न्हाय.

प्रेम सरांनी पडदे मांडून ठेवले होते. मैमुना एकेक कार्ड सारत गेली. बारा लाल दिवे, मंग बारा हिरवे. खिडकीबाहेरच्या पोरींनी असा काही गलका केला की हेडसर गप्प बसवायला गेले आन स्वतःच हसत परत आले. पोरींनी मला घेरलं, मावशी कसं केलं, कसं केलं. म्या सगळी हकिकत सांगितली, खिडकीसकट, आन फळ्यावर खडूनं हे मोठं लिहिलं, ‘न्हाय’. प्रेम सर म्हणाले, “मावशी, शुद्ध ‘नाही’ लिहा.” म्या म्हटलं, “सर, काल हेच चाललं.”

अकराला अर्पिता मॅडम आल्या. साधी बाई, पायात चपला, खांद्याला पिशवी. बारा पडदे फिरून बघितले. हेडसर हात चोळत मागं मागं. आमाला वाटलं, झालं, जिंकलो. तर मॅडमनं तिसऱ्या मशिनीची वीज बंद केली, तिचं कार्ड काढलं आन म्हणाल्या, “पहिल्या दिवशी सगळीकडं चालतं. कार्ड सहा महिन्यांत बिघडतं, आणि मग पाट्या कपाटात पडून राहतात. हे कार्ड गेलं असं समजा. माझ्यासमोर नवं करून दाखवाल? ते करणारं माणूस गावात असेल तरच मी खोकं ठेवून जाते.”

हेडसरांनी प्रेम सरांकडं बघितलं. सर म्हणू शकले असते, मी करतो. मॅडमला काय कळलं असतं? पण सर म्हणाले, “मॅडम, ते माणूस मागे उभं आहे.” त्या एका वाक्यावर म्या सरांना सगळं माफ केलं.

मैमुना पुढं आली. कोरं कार्ड नव्हतं, म्हणून तेच तिसरं घेतलं, तेच पुन्ना लिहायचं ठरलं. बिघडलं तर बाराची अकरा. सरांचा लॅपटॉप उघडला. प्रोग्राम लावला. पट्टी सरकायला लागली. धा मिनिटं खोलीत कुणी हललं न्हाय. पोरी आत शिरल्या होत्या, कधी शिरल्या मला कळलं न्हाय. मैमुनाच्या कपाळावर घाम. मॅडमनं मधेच विचारलं, “कुठं शिकलात तुम्ही हे?”

“स्टँडवर,” मैमुना म्हणाली, आन उत्तर द्यायला मान वळवली. तेवढ्यात पट्टी संपली. टपकन खिडकी उघडली. तिचं तोंड मॅडमकडं आन हात, तो पंधरा वर्षांचा हात, आपला आपण निघाला.

“न्हाय!”

मी एकटी न्हाय ओरडले. साठ पोरी ओरडल्या. “न्हाय, आपा, न्हाय!” खिडकीची तावदानं हादरली. प्रेम सर बी ओरडले, हे मी ह्या कानांनी ऐकलं, आन ‘नाही’ न्हाय म्हणाले, ‘न्हाय’च म्हणाले.

मैमुनाचा हात हवेत थांबला. तिनं बोट सरकवलं आन खिडकी बंद केली. कार्ड पाटीत सारलं. वीज दिली. लाल. हिरवा. अक्षरं धावली, आन तिसरा पडदा उजळला.

मॅडम हसत सुटल्या. म्हणाल्या, “साठ जणींना पाठ आहे म्हणजे आता कधीच बंद पडणार नाही.” तिथंच कागदावर सही केली. मंग पिशवीतनं वही काढून मैमुनाचा नंबर लिहून घेतला. जिल्ह्यातल्या आणखी शाळांना अशा पाट्या जाणार होत्या, भूमला बी, परंड्याला बी. त्यांची कार्डं कोण करणार, हा त्यांच्यापुढं प्रश्नच होता.

त्या संध्याकाळी बशीरभाईनं शिडी धरली, मी रंगाचा डबा धरला, आन मैमुना वर चढली. अब्बांची ओळ तिनं तशीच ठिवली. खाली नवी लिहिली, ‘शाळेच्या कॉम्प्युटरची कार्डं बी मिळतील’. अक्षर वाकडं आलं. तरी ती खाली उतरून लांबनं बघत राहिली, आन मी तिच्याकडं.

आता ते राहिलेलं सांगते. ती पाटी बघून हसणाऱ्यांत पहिलं नाव माझं. तीन वर्षांमागं मीच तिला म्हटलं होतं, उतरव गं बाई ती, लोक हसतात. लोक कसले, मीच हसत होते, हे त्या संध्याकाळी म्या तिला सांगितलं. ती म्हणाली, “ठावं हाय मला. रंग सांडतोय, डबा सरळ धर.”